काटा खरं बोलतोय का?

(मंडळाच्या यंदाच्या उन्हाळी मेळाव्यात 'छंद' या विषयावर केलेलं भाषण. अंकासाठी थोडी काटछाट केली आहे.)



माझ्या आधी बोन्सायवर इतकं सुंदर बोलणं झालं, त्याआधी पेटी झाली, आणि आता तुमच्यासमोर उभा आहे तो नखांत ग्रीस अडकलेला माणूस! कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे फक्त 'जुना ट्रक' एवढंच छापलंय. मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी काळजीनं विचारलं, "काय हो, नोकरी सोडून ट्रान्स्पोर्टचा धंदा काढलात की काय?" तर तसं काही नाही. आपल्याकडे ट्रक म्हटलं की सहा चाकं, मागे 'हॉर्न ओके प्लीज' आणि समोर लिंबू-मिरची. इथे अमेरिकेत साध्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. आमचा ट्रक म्हणजे १९७२ सालची शेव्हरोले सी-१० पिकअप. आणि सगळ्या ट्रकवरही मी बोलणार नाही. त्याच्या डॅशबोर्डवरच्या चार छोट्या काट्यांवर बोलणार आहे: पेट्रोलचा, इंजिनाच्या तापमानाचा, ऑईलच्या दाबाचा आणि बॅटरीचा. हे चारही काटे मेलेले होते. ते पुन्हा जिवंत कसे केले, एवढीच कथा.

हा ट्रक आमच्या शेजारच्या आजोबांचा. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचं प्रेम घरोघरी असतं. इथल्या कितीतरी घरांत कोणीतरी गाड्यांच्या कारखान्यात काम केलेलं असतं. आजोबा गेले, आणि वर्षभरानं आजींनी ट्रक विकायला काढला. माझी लेक तेव्हा पंधरा वर्षांची. लहानपणी त्याच आजोबांनी तिला पुढच्या सीटवर बसवून भोपळे आणायला नेलेलं. तिचा जीव त्या ट्रकवर. "बाबा, सोळाव्या वर्षी लायसन्स मिळालं की मी हाच चालवणार," असं तिनं जाहीर करून टाकलं. मी विरघळलो. पण सौभाग्यवती विरघळणाऱ्यातल्या नाहीत. तिनं एकच अट घातली: "मुलगी जानेवारीच्या थंडीत हा ट्रक घेऊन एकटी हायवेवर जाणार. समोरचा एकही काटा बंद असता कामा नये. आणि नुसता हलणारा नको, खरं सांगणारा हवा."

या अटीतलं शेवटचं वाक्य किती मोलाचं आहे, ते मला पुढे कळलं.

ट्रकची अवस्था अशी होती. कोणे एके काळी मूळ काटे चालेनासे झाले असावेत. मग कोणीतरी डॅशबोर्डखाली एक पत्र्याची पट्टी ठोकून त्यावर बाजारातले नवे गेज बसवले होते. मूळ काटे आपल्या जागी होते, पण त्यांच्या वायरी कापलेल्या किंवा टेप गुंडाळून लोंबत सोडलेल्या. म्हणजे जुन्या वाड्यात आजीच्या देव्हाऱ्याशेजारी प्लॅस्टिकची टपरी उभारावी तसं! मी एका गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "हे सगळं उचकटून फेका आणि डिजिटल डॅश लावा." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी फक्त मान हलवली आणि घरी आलो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनियर ना?" आता याच्यावर बापानं काय बोलावं?

पहिला प्रश्न असा, की मुळात काटे हवेतच कशाला? १९६७ ते १९७२ या पिढीच्या ट्रकांमध्ये पेट्रोलचा काटा सगळ्यांना मिळायचा. बाकीच्या गोष्टींसाठी साध्या मॉडेलमध्ये नुसते लाल दिवे असायचे आणि पूर्ण काट्यांसाठी जादा पैसे मोजावे लागत. त्या दिव्यांना इथले लोक प्रेमानं 'इडियट लाइट' म्हणतात. दिव्याचा दोष एवढाच, की त्याला दोनच शब्द येतात: 'ठीक' आणि 'संपलं'. ऑईलचा दाब हळूहळू उतरतोय, इंजिन रोजच्यापेक्षा थोडं जास्त तापतंय, हे दिवा सांगत नाही. तो पेटतो तेव्हा बऱ्याचदा नुकसान सुरू झालेलं असतं. काटा मात्र कल दाखवतो. काल इथे होता, आज तिथे आहे. तापमोजक आणि रुग्णवाहिकेचा भोंगा यांच्यात जो फरक, तोच इथे.

आता हे काटे चालतात कसे? घाबरू नका, फळा आणलेला नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. डॅशबोर्डवर दिसतो तो काटा म्हणजे निम्मंच यंत्र. दुसरा भाग दूर कुठेतरी असतो, टाकीत नाहीतर इंजिनात. त्याला सेंडर म्हणतात. सेंडर खबर धाडतो, काटा ती वाचून दाखवतो. दोघांची भाषा एक असेल तरच खबर खरी.

पेट्रोलचा काटा घ्या. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो वर-खाली होतो तसा त्याला जोडलेला विद्युतरोध बदलतो. आमच्या ट्रकमध्ये टाकी रिकामी असेल तर शून्य ओहम आणि पूर्ण भरली असेल तर ९० ओहम. काट्याच्या मागे तारेची दोन वेटोळी असतात. एक काट्याला 'ई'कडे ओढतं, म्हणजे एम्प्टी, दुसरं 'एफ'कडे, म्हणजे फुल. सेंडरचा रोध शून्य असला की सगळा करंट सेंडरमधून निसटतो, दुसऱ्या वेटोळ्याला काही उरत नाही आणि काटा 'ई'कडे जातो. रोध वाढला की दुसऱ्या वेटोळ्याला जोर येतो आणि काटा 'एफ'कडे सरकतो. ही रस्सीखेच आहे. दोन्ही बाजूंचे गडी एकाच बॅटरीचं खातात, त्यामुळे बॅटरी थोडी अशक्त झाली तरी दोघेही सारखेच अशक्त होतात आणि निकाल बदलत नाही. १९७२ सालच्या साध्या काट्यात केवढी अक्कल भरलेली आहे बघा!

यातून तपासणीची सोपी युक्ती मिळते. सेंडरची वायर काढून मोकळी सोडली तर काटा 'एफ'च्याही पलीकडे जायला हवा. तीच वायर ट्रकच्या लोखंडाला टेकवली तर 'ई'वर यायला हवा. दोन्ही झालं, तर काटा आणि वायर दोन्ही शाबूत आहेत. आम्ही कापलेली वायर शोधली. जनरल मोटर्सच्या गाड्यांत पेट्रोलच्या सेंडरची वायर फिकट तपकिरी असते, तापमानाची गडद हिरवी. तिला नवा तुकडा जोडून डाख दिला आणि वर नळी चढवली. मग टोक हवेत धरलं. लेक आत बसली होती. ती ओरडली, "बाबा, हलला!" पन्नास वर्षांचा काटा सरळ 'एफ'पार. टोक लोखंडाला टेकवलं, 'ई'वर आला. म्हणजे ज्या काट्याला मेला म्हणून वाळीत टाकलं होतं, तो ठणठणीत होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

तुम्हाला वाटेल, झालं काम. वायर सेंडरला जोडा आणि निघा. आमच्या सौभाग्यवतींची अट नसती तर कदाचित तसंच झालं असतं. पण अट होती खऱ्या काट्याची. म्हणून आधी सेंडरला मल्टीमीटर लावला. टाकीत तळाशी घोटभर पेट्रोल होतं, म्हणजे शून्याच्या आसपास रोध दिसायला हवा. मीटरवर आकडा आला २३०च्या वर!

आता गंमत ऐका. डॅशबोर्डखाली जे नवे गेज लटकत होते, त्यांच्यासाठी कोणीतरी टाकीतला सेंडरही बदलला होता. आणि बाजारातल्या या गेजची भाषा वेगळी असते: रिकाम्या टाकीला २४० ओहम, भरलेल्या टाकीला ३३. म्हणजे उलटी. आमचा मूळ काटा या सेंडरला जोडला असता तर काय झालं असतं? टाकी पूर्ण भरली की काटा अर्ध्याच्या खाली. टाकी अर्धी झाली की सेंडर साधारण १०० ओहम देणार, म्हणजे काटा 'एफ'वर. आणि टाकी कोरडी ठणठणीत झाली की काटा 'एफ'च्याही पुढे! जितकं पेट्रोल कमी, तितका काटा खूश.

क्षणभर चित्र डोळ्यासमोर आणा. जानेवारीची रात्र, बाहेर उणे पंधरा, सोळा वर्षांची मुलगी एकटी, आणि समोरचा काटा सांगतोय, 'टाकी भरलेली आहे, जा निवांत.' काटा बंद असता तर तिनं निघताना पंपावर गाडी वळवली असती. बंद काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. विश्वास बसतो तो हलणाऱ्या काट्यावर. म्हणून मी म्हणतो, बंद काटा परवडला, खोटा काटा नको. आज मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा तपशील.

सेंडर बदलण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. या ट्रकांची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. हो, तुमच्या पाठीला टेकून सुमारे २० गॅलन पेट्रोल! १९७३च्या नव्या मॉडेलपासून ती केबिनबाहेर गेली. त्यामुळे हे काम करताना ट्रक गॅरेजबाहेर उघड्यावर, दारं-खिडक्या सताड उघडी, बॅटरीची वायर काढलेली, अग्निशामक हाताशी, आणि जवळपास ठिणगी पडेल असं काही नाही. लेकीला मी आधी हे सगळं पाठ करून घेतलं, मगच पान्याला हात लावू दिला. नवा सेंडर बसवण्याआधी हातात धरून त्याचा गोळा खालून वर नेला. मीटरवर शून्यापासून ९०पर्यंत आकडा सरळ चढला, मग तो टाकीत गेला. त्यानंतर पाच-पाच गॅलन मोजून ओतले आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते लेकीनं वहीत चित्र काढून ठेवलं. काटा अगदी समान पावलं टाकत नाही, टाकीचा आकार वेडावाकडा आहे. पण आता 'पाव' म्हणजे नक्की किती गॅलन, हे तिला तोंडपाठ आहे.

दुसरा काटा तापमानाचा. इथे सेंडर इंजिनाच्या डोक्यात, ड्रायव्हरच्या बाजूला, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे बसतो. याची भाषा पेट्रोलच्या बरोबर उलट. वायर मोकळी सोडली तर काटा थंडवर, लोखंडाला टेकवली तर एकदम गरमवर. सेंडर जितका तापेल तितका त्याचा रोध उतरतो. आमच्या इंजिनात त्या जागी सेंडर होता खरा, पण दिव्याचा! दिसायला सख्खा भाऊ. त्याचं काम मात्र फक्त स्विचचं. इंजिन उकळायला लागलं की सर्किट पुरं करायचं, तोवर गप्प. त्याला काटा जोडला तर काटा जन्मभर थंडवर बसून राहतो आणि मग एक दिवस उडी मारून गरमच्या टोकाला जातो. म्हणजे काट्याच्या वेषातला इडियट लाइटच. हाही खोटाच काटा.

योग्य सेंडर आणला. पण योग्य असं दुकानदार म्हणतो, ते पाहायला नको का? मी सौभाग्यवतींकडे सगळ्यात जुनं पातेलं मागितलं. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे सांगत नाही. पातेल्यात पाणी, पाण्यात सेंडर आणि थर्मामीटर, बाहेर मीटर. पाणी तापत गेलं तसा रोध गुळगुळीत उतरत गेला, कुठे अडखळला नाही. तो पास झाला. बसवताना एक पथ्य आहे. या सेंडरला परतीची वेगळी वायर नसते, तो आट्यांमधूनच इंजिनाच्या लोखंडाला चिकटून आपलं सर्किट पुरं करतो. गळू नये म्हणून आट्यांवर टेपचे थरावर थर गुंडाळले, की तोच मार्ग अडतो आणि काटा कमी दाखवतो. कमी दाखवणारा तापमानाचा काटा किती घातक, हे वेगळं सांगायला नको. इंजिन गरम झाल्यावर आम्ही थर्मोस्टॅटजवळचं तापमान मोजलं, १९५ फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपले ९० सेल्सियस. काटा तेव्हा जिथे स्थिरावला, तीच त्याची घरची जागा. लेकीला सांगितलं, "ही जागा डोळ्यांत भरून ठेव. तिथून उजवीकडे सरकला, की बाजूला घे."

तिसरा काटा ऑईलच्या दाबाचा. याला वीज लागतच नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळून एक बारीक नळी निघते आणि खरंखुरं ऑईल डॅशबोर्डपर्यंत घेऊन येते. काट्याच्या मागे एक वाकवलेली चपटी नळी असते. जत्रेत गुंडाळीची पिपाणी मिळते ना, फुंकली की उलगडते आणि सोडली की परत गुंडाळते? अगदी तीच कल्पना. दाब वाढला की नळी किंचित उलगडते आणि काट्याला ढकलते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं १८४९ साली याचं पेटंट घेतलं. आजही जगभरच्या कारखान्यांत ही नळी कामाला आहे. आमचा काटा शाबूत होता, पण ऑईलची प्लॅस्टिकची नळी वाळून पापडासारखी झाली होती. ती फुटली तर गरम ऑईल थेट चालवणाराच्या पायावर! म्हणून तांब्याची नळी घातली. जिथे ती केबिनच्या पत्र्यातून आत येते तिथे रबरी कडी बसवली आणि इंजिनाच्या हादऱ्यानं तुटू नये म्हणून मधे एक वेटोळं सैल ठेवलं. इथले जुने मेकॅनिक एक ठोकताळा सांगतात: इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पौंड दाब हवा. आमचं इंजिन त्यात बसलं. मला त्या रात्री बरी झोप लागली.

चौथा काटा बॅटरीचा, म्हणजे अॅमीटर. चार्ज होतेय की खाली होतेय हे सांगणारा. त्या काळच्या काही गाड्यांत सगळा करंट डॅशबोर्डमधून फिरून जायचा, त्यामुळे तिथला जोड सैल झाला की आगीची भीती. आमच्या ट्रकमध्ये वेगळी पद्धत आहे. मुख्य वायर इंजिनाच्या बाजूलाच राहते. तिच्यावरच्या दोन ठिकाणांहून दोन बारीक वायरी आत येतात आणि त्या दोन ठिकाणांमधला दाबाचा किरकोळ फरक काटा वाचतो. शेतातल्या पाटावर दोन ठिकाणी पाण्याची उंची बघून पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे ओळखावं, तसं. या दोन्ही बारीक वायरींवर ४ अँपियरचा एकेक फ्यूज असतो. आमचे दोन्ही फ्यूज उडालेले होते. कोणीतरी त्यातल्या एका जागी वायरचा तुकडा पिळून बसवायचा प्रयत्नही केला होता. अशी हातचलाखी कधी करू नका. फ्यूज उडतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे. नवे फ्यूज घातले, आणि मग खऱ्याखोट्याची परीक्षा: इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले. काटा 'डी'कडे, म्हणजे डिस्चार्जकडे झुकायला हवा. आमचा 'सी'कडे गेला! दोन्ही वायरींची अदलाबदल झालेली होती. म्हणजे बॅटरी मरत असताना हा काटा 'चार्ज होतेय' म्हणून सांगणार होता. चारातला हा तिसरा खोटा. वायरी बदलल्या, ताळ्यावर आला.

आता सगळ्यांत मोठा आरोपी. तो आहे अर्थिंग. गाडीत बॅटरीकडून एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. म्हणजे प्रत्येक सर्किटचं निम्मं अंग हा पत्राच असतो. आणि मिशिगनच्या पत्र्याचं काय होतं, ते तुम्ही सगळे जाणता. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ, मग गंज. रंग आणि गंज दोन्ही वीज अडवतात. ओळखायची खूण सांगतो. रात्री हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा जागचा हलतो का? हलत असेल तर पेट्रोल वाढलं नाही की कमी झालं नाही. परतीच्या एकाच अरुंद बोळातून दिव्यांचा आणि काट्याचा करंट धक्काबुक्की करत चाललाय. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं काट्यांच्या चौकटीला लावा आणि दिवे चालू करा. जवळजवळ शून्य दिसायला हवं. पाव व्होल्टच्या वर गेलं तर शोध घ्या. आमच्याकडे एकाच्या वर होतं. इंजिनापासून केबिनच्या पत्र्यापर्यंत जाणारी विणलेली पट्टी गंजून अर्धी झाली होती. ती बदलली, तिच्याखालचा पत्रा घासून चकचकीत केला. टाकीच्या सेंडरची काळी वायर नव्यानं घट्ट केली आणि काट्यांच्या चौकटीपासून केबिनच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत एक वेगळी वायर ओढली. खर्च किती? एका पिझ्झाएवढा.

काट्यांच्या पाठीमागे वायरींच्या जागी एक पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर तांब्याच्या रेघा. ५० वर्षांत तांबं काळवंडतं. त्याला पॉलिश पेपर लावू नका, रेघच निघून येईल. शाळेतलं पेन्सिलचं खोडरबर घ्या आणि हलक्या हातानं घासा. हे काम पूर्ण लेकीनं केलं. माझ्या बोटांना तिथे जागाच नव्हती. दोन शनिवार ती डॅशबोर्डखाली उताणी पडून, तोंडात टॉर्च धरून काम करत होती आणि मी बाहेरून उपदेश करत होतो. अमेरिकेत वाढलेली मुलं आपलं ऐकत नाहीत अशी आपली तक्रार असते. त्यांना डॅशबोर्डखाली झोपवा, ऐकतात. पळून जायला जागा नसते!

कोणी विचारेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे गेज काय वाईट? वाईट काहीच नाही. नव्या गेजबरोबर त्याचा जोडीदार सेंडर बसवला तर तोही खरंच बोलतो. गोंधळ होतो तो एकाचा काटा आणि दुसऱ्याचा सेंडर असा बेमेळ जोडा लावला की. जुने काटे ठेवायचं आमचं कारण साधं होतं. ते चालत होते. चालणारी वस्तू, तिच्याकडे बघायचा कंटाळा म्हणून फेकणं माझ्या हाताला जमत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हाताला जमत नसेल. घरोघरी जपून ठेवलेले आइस्क्रीमचे डबे मी पाहिले आहेत.

आता दोन मिनिटं ट्रकपासून जरा लांब जातो. माझी आई सांगलीला असते, वय ८१. दर रविवारी फोन. "आई, कशी आहेस?" "मी? मजेत!" गेली कित्येक वर्षं काटा कायम 'एफ'वर. मागे एकदा शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा कळलं की आई पंधरा दिवसांपूर्वी बाथरूममध्ये घसरली होती आणि पाठ धरून बसली होती. त्या पंधरा दिवसांतही दोन्ही रविवारी ती 'मजेत'च होती. तिला दोष नाही. आपल्या सगळ्यांचेच आई-वडील असे. मुलांना इतक्या लांब काळजी नको, म्हणून ते आपल्याला तीच एक खबर धाडतात, आणि आपणही तीच ऐकायला टपलेले असतो. हे काट्यांचं काम झाल्यापासून मी प्रश्न बदललाय. 'कशी आहेस' विचारत नाही. "आज जिना किती वेळा उतरलीस? भाजी तू आणलीस की मागवलीस? रात्री किती वाजता जाग आली?" ज्याचं उत्तर मोजता येतं, तेच विचारतो. आणि महिन्यातून एकदा काकूंशी वेगळं बोलतो. आईला ते कळलंय. ती म्हणते, "हल्ली तू फार चौकशा करतोस." करू दे तक्रार. पाठीच्या दुखण्याची खबर मात्र आता मला वेळेवर मिळते.

असो. परत गाडीकडे. ज्यांच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी आहे, आणि इथे निदान पाच-सहा जण तरी आहेत हे मला ठाऊक आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी थोडक्यात. एक, काटा बंद दिसला म्हणून तो मेला असं धरू नका. वायर मोकळी आणि वायर टेकवलेली, अशी दोन टोकांची परीक्षा आधी घ्या. पण ही परीक्षा आमच्यासारख्या काट्यांची. काही कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत काट्यांना १२ व्होल्ट थेट जात नाहीत, मधे दाब कमी करणारी डबी असते. तिथे १२ व्होल्ट थेट दिले तर काटा जळेल. तेव्हा आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा. दोन, काटा आणि सेंडर ही जोडी आहे. पाकिटावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, मीटर लावून बघा. वीस-पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर पुरतो. तीन, वायरी तपासायच्या आधी अर्थिंग तपासा. अर्धे आजार तिथेच बरे होतात. आणि चार, काम झाल्यावर माहीत असलेल्या मापानं पडताळा. मोजून पेट्रोल, थर्मामीटरनं तापमान, दिवे लावून बॅटरी. काटा हलला म्हणून टाळ्या वाजवू नका, खरं बोलला की वाजवा.

लेकीचं लायसन्स गेल्या वर्षी झालं. हिवाळ्यात ती याच ट्रकनं चाळीस मैलांवरच्या घोड्यांच्या तबेल्यावर कामाला जात होती. फेब्रुवारीत एकदा फोन आला: "बाबा, तापमानाचा काटा घरच्या जागेच्या पुढे गेलाय. मी बाजूला घेतलाय, इंजिन बंद केलंय." एक होज चिरून कूलंट गळत होतं. लाल दिव्याच्या भरवशावर राहिली असती तर तो पेटेपर्यंत ती चालवत राहिली असती. होजला जेमतेम वीस डॉलर पडले. त्या रात्री घरी आल्यावर सौभाग्यवतींनी ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेली. माझ्या मते अट पूर्ण झाल्याची ती पावती होती.

आजही ट्रक लेकीनंच चालवत आणलाय, पार्किंगमध्ये शेवटच्या ओळीत उभा आहे. ज्यांना काटे बघायचे असतील त्यांनी जेवणानंतर यावं. किल्ली तिच्याकडे आहे आणि प्रश्नही तिलाच विचारा, ती माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगते. पुढच्या महिन्यात एका शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये कोणाला आपली गाडी तपासून बघायची असेल तर अवश्य आणा. चहा आणि कांदाभजी आमच्याकडून, मल्टीमीटर आपापला आणायचा. मुलांना बरोबर आणलंत तर फार छान. लहान बोटांची गरज पडते.